सोंगांचे कप

माणसं मला विचारतात, "दत्तूकाका, तुमच्याकडे एवढे किस्से साठले कुठून?" साठवायला मी कुठं गेलो होतो? किराणा दुकानात रोज तीच गिऱ्हाइकं येतात आणि तेच गूळ-तेल मागतात. तिथं काय डोंबलाचा किस्सा होणार? पण कप-शिल्डच्या दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस काहीतरी जिंकायला निघालेला असतो, आणि जिंकायला निघालेला माणूस कधी धड वागत नाही. त्यातून आमचे कप काही धावण्याच्या शर्यतीचे नव्हते. आमचे कप सोंगांचे. ज्याला लोक तेव्हा नुकतंच 'फॅन्सी ड्रेस' म्हणायला लागले होते, त्याचे. क्रिकेटचा कप मुंबईला तयार मिळायचा. पण गाढवाचं सोंग घेणाऱ्याला गाढवाच्या कानाचा कप द्यायचा म्हटलं, की माणूस आमच्याकडेच यायचा.

फाळणीनंतरची सात-आठ वर्षं झालेली. उल्हासनगरच्या कॅम्पात, मिलिटरीच्या जुन्या बराकीतल्या एका खोलीत आमचा कारखाना होता. मालक लोकूमल, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. तिकडे सिंधमध्ये, शिकारपूरला त्यांची भांड्यांची मोठी पेढी होती म्हणे. इथं ते अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून लाकडी खोक्यावर बसायचे, आणि येईल त्याला "आओ साईं, आओ" म्हणून हात जोडायचे.

दुसरे आप्पा तांबट. नाशकाकडचे, साठीला आलेले, हाडाचे कारागीर. नुसत्या पत्र्याकडे बघून सांगायचे, यातून घागर निघेल की तपेली. तिसरी मोरिवलीची दुर्पाबाई, पॉलिशवाली. चिंच, राख आणि स्वतःची जीभ, एवढ्या तीन वस्तूंवर ती कुठलंही पितळ लखलखीत करायची. आणि चौथा मी, बदलापूरचा, छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यांवर नावं घालणारा.

दादांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "देखो, या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत. बारा महिने कप घेणारं एक पक्कं गिऱ्हाईक लागलं, तर कप. नहीं तो पापड."

भाभी, म्हणजे दादांच्या मंडळी, उघडउघड पापडाच्या बाजूच्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं, कॅम्पात पापड कधी पडून राहत नाही. फक्त पापडाच्या कारखान्यात तांबटाला, पॉलिशवालीला आणि नावं घालणाऱ्याला काम नसतं. मी आणि दुर्पाबाईनं कुठंही पोट भरलं असतं, पण आप्पांना त्या वयात कुणी दारात उभं केलं नसतं. त्यामुळे ते वर्ष आम्ही जीव ओतून काम केलं. कल्याणपासून कर्जतपर्यंत आमच्या तोडीचा कप कुणी करत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

* * *

आप्पांचा एक नियम होता. त्यांच्या हातून निघालेल्या भांड्यानं पाणी धरलंच पाहिजे. कप तयार झाला की काठोकाठ भरायचा, फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बुडाखाली बोट फिरवून बघायचं. बोट ओलं झालं की कप परत भट्टीवर.

दादा हात जोडायचे. "आप्पा, कपातून पाणी कोण पितो? तो कपाटात बसतो."

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "भांडं आहे ना? मग गळता कामा नये."

आमची पहिली ऑर्डर माघी गणपतीची, बदलापूरच्या एका मंडळाची, मुलांच्या सोंगांच्या स्पर्धेसाठी झाकणाचा मोठा कप. चिटणीस तो न्यायला आले ते घाईघाईत, टांगा बाहेर उभा करून. आप्पा बाहेर गेले होते. फळीवर चकचकीत कप दिसतोय म्हटल्यावर दादांनी तो फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी झाकण असं घट्ट बसवलेलं, की आत काय आहे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चिटणीस उलट खूश झाले. "वजनदार आहे हो. मुंबईचे कप नुसते फुलपात्रासारखे लागतात हाताला."

संध्याकाळी मीही स्पर्धेला हजर होतो. पहिला नंबर आला शंकराचं सोंग घेतलेल्या एका मुलाचा. अंगाला राख, गळ्यात रबराचा नाग, डोक्यावर काथ्याच्या जटा. प्रमुख पाहुणे निवृत्त मामलेदार. लोकांना कप नीट दिसावा म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि झाकण काढून थोडा पुढं कलवला.

सगळं पाणी धो धो करून शंकराच्या जटांवर.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "गंगा आली!" आणि अख्खा मंडप टाळ्यांनी दणाणून गेला. लोकांना वाटलं, मंडळानं मुद्दामच बसवलंय. भिजलेले मामलेदारसुद्धा सगळं ठरल्याप्रमाणे झाल्यासारखे मान डोलवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी हे दुकानात सांगितलं तेव्हा दादांनी कपाळाला हात लावला. आप्पांनी मात्र शांतपणे विचारलं, "टांग्यातून बदलापूरपर्यंत गेला. वाटेत गळला का?"

म्हटलं, "नाही, आप्पा."

"मग झालं तर," म्हणाले आणि पत्रा ठोकायला बसले. त्या आठवड्यात आणखी दोन मंडळं आली. दोघांनाही तोच कप हवा होता, गंगेचा.

* * *

कॅम्पातल्या एका शाळेनं बालवाडीच्या सोंगांसाठी अकरा कप सांगितले. बाई म्हणाल्या, "सगळ्यांवर 'पहिला नंबर' घाला. आया माझा जीव घेतात. सगळीच पोरं पहिली."

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. पहिला नंबर, पहिला नंबर, पहिला नंबर. दहाव्या कपाला माझे डोळे फिरले होते. अकरावा कप संपवून फुंकर मारली, तर त्यावर 'दुसरा नंबर'. माझ्या हातानं आपल्याआपणच पुढचा आकडा घेतला होता.

आता बदलायला वेळ नव्हता. दादा कप घेऊन गेले ते भाभींनी दिलेली साखर खिशात घेऊन, कुणाची आई रडली तर तोंड गोड करायला.

संध्याकाळी परत आले ते हसून हसून बेजार. दुसऱ्या नंबरचा कप मिळालेल्या मुलीला सगळी पोरं चिकटली होती. पहिला काय, सगळ्यांकडेच होता. दुसरा फक्त तिच्याकडे. एका आईनं दादांना दाराशी गाठून दम भरला होता, "अगली बार मेरे बेटे को दूसरा चाहिए. पहिला तो हर किसी को मिलता है."

* * *

आता माझ्या धंद्यातली मोठी आफत. अंबरनाथ पूर्वेच्या एका मंडळाचे अध्यक्ष कप सांगायला आले. रेशमी सदरा, बोलणं तोऱ्यात. म्हणाले, "नावसुद्धा घालून ठेवा. कुमार अरविंद."

मी विचारलं, "स्पर्धा रविवारी आहे ना?"

"आहे."

"मग निकाल?"

"निकालाचं तुम्हाला काय करायचंय? अरविंद माझा पुतण्या आहे."

आपण बापडे नाव घालणारे. मी घातलं, वेलबुट्टीसकट. सोमवारी सकाळी अध्यक्ष कप परत घेऊन दारात उभे. पुतण्या राजा झाला होता, पण पडदा वर जाताच रडायला लागला आणि मुकुट टाकून आईकडे पळाला. पहिला नंबर आला एका लोहाराच्या मुलीचा. ती घरचाच भाता घेऊन आली होती, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्यावर परीक्षकांचाही इलाज चालला नाही.

"नाव खोडा," अध्यक्ष म्हणाले.

आप्पा म्हणाले, "पितळ आहे, पाटी नाही."

"मग नवीन द्या. आज संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे."

एका दिवसात नवा कप होत नाही. झाला असता तरी आप्पांनी तो पाणी न भरता दिला नसता. दादांचा चेहरा पडला. गिऱ्हाईक तोंडाळ, अंबरनाथभर दुकानाची बदनामी करेल आणि मग दिवाळीला पापड ठरलेले. कोपऱ्यात चिंच कुस्करत बसलेली दुर्पाबाई, जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, ती मान वर न करता म्हणाली, "लग्नातल्या भांड्यांव नसतं का, कोणी दिलं त्याचं नाव? तसं करा की. नाव हाय तिथंच रांवदे."

मी कपाकडे बघितलं. 'कुमार अरविंद' याच्यापुढे जागा होती. तिथं मी 'यांजकडून सप्रेम भेट' घातलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लोहाराच्या मुलीचं नाव.

अध्यक्षांनी वाचलं, पुन्हा वाचलं. पुतण्या सहा वर्षांचा, आणि एकदम देणगीदार झालेला. मोठ्या थाटात कप घेऊन गेले. जाताना दुर्पाबाई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देणाऱ्याचं नाव मोठं व्हतंय. दर वरसाला देत चला."

त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला. नाव आधी घालायचं नाही. स्पर्धेला मी स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन जायचं, निकाल लागला की तिथल्या तिथं टेबलावर बसून नाव घालून द्यायचं. लोकांना त्याचीच गंमत वाटायला लागली. सोंगांपेक्षा माझ्या टेबलाभोवती गर्दी जास्त.

* * *

मोरिवलीचा शिमगा मात्र वेगळा. तिथं सोंगं कुणी शिकवावी लागत नाहीत. दुर्पाबाईच्या शब्दावर गावानं पहिल्यांदाच बक्षीस ठेवलं. पण गावकऱ्यांनी कप हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हातारे पाटील म्हणाले, "याचा उपेग काय? याच्यात ना भात शिजत, ना पानी रहात."

"पाणी राहतं," आप्पा म्हणाले. एवढ्यावरून दोघांचं जमलं. शेवटी ठरलं की हंडा करायचा, आणि मान म्हणून त्याला कपासारखे दोन कान लावायचे.

तो जिंकला एका गड्यानं, तलाठ्याचं सोंग घेऊन. इतकं हुबेहूब, की दोघांनी त्याला बाजूला घेऊन सातबाऱ्याचं कधी होईल म्हणून विचारलं. आणि त्यानं दोघांनाही "उद्या या" म्हणून सांगितलं.

पुढं कितीतरी दिवस दुर्पाबाई कामावर आली की आप्पांना बातमी द्यायची, "तुमचा कप आजपन इहिरीव आल्ता." तो दिवस आप्पांचा चांगला जायचा.

* * *

एवढं सगळं झालं तरी बारमाही गिऱ्हाईक काही लागेना. गणपतीत काम, शिमग्यात काम, मधे सगळं सामसूम. नवरात्र बसलं. भाभींनी पापडाच्या पिठाची चौकशी सुरू केली आणि दादांना ते आमच्यापासून लपवता येईना.

अशात अंबरनाथच्या एका कारखान्याच्या क्लबातून फडके नावाचे कारकून आले. कारखान्याचा मॅनेजर गोरा साहेब. त्याच्या मडमेनं कागदावर चित्र काढून पाठवलं होतं. दादांनी ते बघितलं, आप्पांना दिलं, आप्पांनी उलटं करून बघितलं.

भोपळा. आपला लाल भोपळा, पण त्याला डोळे, नाक आणि दात.

फडक्यांनी समजावून सांगितलं. ऑक्टोबर संपताना मडमेच्या देशात भुतांचा एक सण असतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेतात, दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि भोपळा कोरून त्याला तोंड करतात. क्लबातल्या मुलांसाठी मडमेला तशी स्पर्धा घ्यायची होती आणि बक्षिसाला पितळेचे भोपळे हवे होते. एक मोठा, तीन लहान.

दुर्पाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "सोंगं घेतान, दारोदार फिरतान, खायला मागतान. म्हंजे शिमगाच. मडमेला सांगा, उगा नवं काय नाय."

मग फडक्यांनी आवाज खाली आणला. "कप आवडले, तर क्लबचे वर्षभराचे सगळे कप तुमच्याकडे द्यायचं मडमेच्या मनात आहे. नाही आवडले, तर मुंबईचं दुकान आहेच."

सण दिवाळीच्या दहा दिवस आधी येत होता. फडके गेल्यावर दादा बराच वेळ खोक्यावर बसलेच नाहीत, नुसते येरझारा घालत राहिले.

नमुन्यासाठी दुर्पाबाई मोरिवलीहून एक भलामोठा भोपळा घेऊन आली, पण चिरायला तयार होईना. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणसानं लावायची नाही, असं तिच्या घरात होतं. आप्पा म्हणाले, "मी पितळेवर हत्यार चालवतो, भाजीवर नाही." दादांनी तर जन्मात भाजी चिरली नव्हती. शेवटी मडमेच्या भोपळ्याचे डोळे मी काढले, माझ्या छिन्नीनं. त्याच भोपळ्याची भाजी भाभींनी केली आणि आम्ही सगळ्यांनी जेवताना त्याच्या दातांवर चर्चा केली.

चार दिवसांत आप्पांनी लहान भोपळा केला. काय सांगू तुम्हाला! खऱ्या भोपळ्याच्या फाका जशा उठतात, तशी एकेक फाक हातोडीनं उठवलेली. वर देठ. पुढं डोळे, नाक, दात. मडम स्वतः मोटारीतून बघायला आली. दादा "आओ मडमसाब, आओ" म्हणत वाकले, फडके भाषांतराला उभे राहिले. मडमेचा चेहरा उजळला. तिनं पिशवीतून मेणबत्ती काढली, पेटवली आणि भोपळ्यात ठेवली.

उजेड बाहेर येईना. डोळे काळेच.

मडमेनं आत वाकून बघितलं. आप्पांनी डोळे, नाक, दात छान कापले होते, आणि मग आतून प्रत्येक भोकाला पत्रा झाळून बंद केलं होतं.

फडके म्हणाले, "अहो, ही भोकं उघडी हवीत."

"उघडी ठेवली तर गळेल," आप्पा म्हणाले. मडमेला खात्री पटावी म्हणून त्यांनी तांब्या घेतला आणि मेणबत्तीसकट भोपळ्यात पाणी ओतलं. मेणबत्ती चुर्र करून विझली. आप्पांनी भोपळा उचलला आणि कोरडं बूड मडमेच्या नाकासमोर धरलं. "बघा. एक थेंब नाही."

मडम फडक्यांकडे बघायला लागली, फडके दादांकडे, दादा छताकडे. मडम जाताना एवढंच सांगून गेली की आठ दिवस आहेत.

त्या दिवशी दादांनी पहिल्यांदाच आप्पांवर आवाज चढवला. आप्पांचाही चढला. "चाळीस वर्षांत माझ्या हातून गळकं भांडं गेलं नाही. आता या वयात भोकाचं भांडं करून देऊ? त्यापेक्षा पापड लाटा." हे ते रागानं म्हणाले, पण मला फार वाईट वाटलं. त्यांचंही खरं होतं, दादांचंही खरं होतं, आणि दोघांच्या मधे दुकान चाललं होतं.

दुर्पाबाईनं पाण्यातला भोपळा उपडा केला आणि पुसायला घेतला. "आप्पा, दिवाळीला दारात लावता तो कंदील गळका असतो का?"

"कंदील? त्याचा काय संबंध?"

"त्याच्यात पानी भरता का?"

"कंदिलात कुणी पाणी भरतं का?"

"मंग मडमेला कंदीलच पायजे. तोंडाचा. भांडं कोणी मागितलंय?"

आप्पांनी भोपळा तिच्या हातातून घेतला. "कंदील पाहिजे, तर कंदील म्हणून सांगायचं होतं. मी काय मनकवडा आहे?" आणि त्याच बैठकीत आतले पत्रे काढायला बसले.

ते चार कंदील आप्पांच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं. घासून-धुऊन वाळायला दारात टांगले, तर कॅम्पातल्या बायका दृष्ट लागू नये म्हणून घरावर लावायला तसलंच तोंड मागायला लागल्या.

* * *

स्पर्धा संध्याकाळी सहाला. मडमेनं कारागिरांनाही बोलावणं धाडलं होतं. आप्पा, दुर्पाबाई आणि मी पुढं गेलो, माझं टेबल मांडायला हवं होतं. दादा मागून येणार होते.

क्लबाच्या हॉलमध्ये साहेब लोकांची, ऑफिसरांची पन्नासेक पोरं होती. पांढऱ्या चादरीतली भुतं, काळ्या कपड्यांवर चुन्यानं हाडं काढलेले सांगाडे, खराटा घेतलेली एक चेटकीण. दुर्पाबाई सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाली, "भुताची चादर कधी एवढी धुतलेली असते का?" मग दिवे मालवले आणि चारही भोपळ्यांत मेणबत्त्या लावल्या. डोळ्यांतून, दातांतून पिवळा उजेड भिंतीवर पडला. सगळा हॉल एका आवाजात "आहा" म्हणाला. आप्पा माझ्या शेजारी ताठ उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

फडके धावत आले. "मडम फार खूश आहे. आता फक्त समारंभ नीट पार पडू दे."

लहान तीन बक्षिसं झाली. मी तीन नावं घातली. मग मोठ्या बक्षिसासाठी मडम पुढं आली आणि इंग्रजीत काहीतरी बोलून तिनं थेट दाराकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

दारात दादा उभे होते. पण मी क्षणभर ओळखलंच नाही. पांढरीशुभ्र घेरदार सुथण, म्हणजे सिंधी सलवार, गुडघ्यापर्यंत लांब गळाबंद काळा कोट, खांद्यावर अजरकची छापील शाल, डोक्यावर जरीची टोपी. भाभींनी शिकारपूरहून आणलेल्या ट्रंकेतून काढून दिलं असणार. मान ताठ, हात मागं बांधलेले. आमच्या दुकानात असा माणूस मी कधी बघितला नव्हता.

फडक्यांचा चेहरा पांढरा पडला. "मडम म्हणतात, मोठ्यांपैकी एकानं तरी सोंग घेतलं, आणि सगळ्यात उत्तम घेतलं. दारातल्या नवाबाला पहिला नंबर."

टाळ्या सुरू झाल्या. पायजम्यातल्या दादांना मडमेनं दुकानात बघितलं होतं, पण हे तेच, हे तिच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. दादा सावकाश पुढं आले. मडमेनं मोठा भोपळा त्यांच्या हातात दिला. मी छिन्नी धरून बसलो होतो. आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "घेऊन टाका म्हणावं. हसून घेऊन टाका. दिवाळी दहा दिवसांवर आहे." मलाही तेच वाटत होतं. मडमेला भर सभेत चूक दाखवली, की वर्षभराचे कप मुंबईला गेले.

दादांनी भोपळा टेबलावर ठेवला.

"फडकेसाब, मडम को बोलो. सोंग तो मैं दुकान में करता हूँ. रोज. आज उतार के आया हूँ." मग खराटेवाल्या चेटकिणीकडे हात करून म्हणाले, "कप उस बच्ची को दो. उसने मेहनत की है."

फडक्यांनी त्याचं इंग्रजी केलं. पूर्ण केलं, काही गाळलं नाही, कारण मडमेचा चेहरा हळूहळू लाल होत गेलेला मी बघितला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून पापड.

मडम "सॉरी" म्हणाली. तेवढं इंग्रजी आम्हाला सगळ्यांना येत होतं. मग चेटकिणीला पुढं बोलावून तिनं भोपळा तिच्या हातात दिला, आणि फडक्यांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. फडके आमच्याकडे आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "क्लबचे सगळे कप आजपासून तुमच्याकडे. क्रिकेट, टेनिस, रस्सीखेच, सगळे. उद्या कागद पाठवतो."

दुर्पाबाईनं भर हॉलमध्ये आप्पांचा दंड धरला. आप्पा म्हणाले, "रस्सीखेचीचा तरी कप पाणी धरणारा करू."

मडम मात्र अजून दादांपाशीच उभी होती. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तिनं कोटाची बाही बोटात धरून टाका बघितला, नीट निरखून बघितला, आणि फडक्यांना हाक मारली.

फडके म्हणाले, "दादा, मडम म्हणतात, असं बारीक काम त्यांनी कुठं बघितलं नाही. साहेबांनाही असा एक कोट शिवायचाय. तुमचा शिंपी कोण, कुठं बसतो?"

दादांनी बाही सारखी केली.

"दर्ज़ी उधर ही रह गया, साईं."

फडक्यांनी याचं इंग्रजी केलं नाही.